कपाळावरची खूण आणि हातातले कार्ड

मूल जन्मल्यावर पाचव्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचे नशीब लिहून जाते, ही समजूत महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पाटावर कोरा कागद ठेवायचा, शेजारी लेखणी ठेवायची, रात्रभर दिवा विझू द्यायचा नाही. एक बरे आहे की सटवाईचे अक्षर कुणाला वाचता येत नाही. वाचता आले असते, तर मुलगी बघायला आलेल्या मंडळींनी पोह्यांच्या बशीला हात लावण्याआधी तिचे कपाळ पाहिले असते.

हे अक्षर साऱ्या जगाला वाचता यावे, अशी सूचना एका थोर शास्त्रज्ञाने १९६८ साली केली होती. अमेरिकेतील लायनस पॉलिंग यांनी कायद्याच्या एका नियतकालिकात लेख लिहिला. सिकलसेल या रक्ताच्या आजाराचे जनुक ज्या तरुण-तरुणींच्या शरीरात आहे, त्यांच्या कपाळावर एक चिन्ह गोंदवावे, असे त्यांनी त्यात सुचवले. म्हणजे असे दोघे एकमेकांना भेटले तर पाहताक्षणी ओळखतील, प्रेमात पडण्याआधीच थांबतील आणि आजारी मूल जन्माला येणार नाही, असा त्यांचा हिशेब होता.

हा माणूस निर्दय होता असे मुळीच नाही. रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना १९५४ मध्ये मिळाले होते आणि अणुचाचण्यांविरुद्ध केलेल्या कामासाठी १९६२ चे शांततेचे नोबेलही. सिकलसेलच्या मुळाशी रक्तातील हिमोग्लोबिनच्या घडणीतला दोष आहे, हे १९४९ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच दाखवून दिले. या आजारात मुलांचे काय हाल होतात हे त्यांना ठाऊक होते आणि ते टळावेत एवढीच त्यांची इच्छा होती. म्हणूनच ही सूचना हसण्यावारी नेता येत नाही. चांगल्या हेतूचा मनुष्य किती सहज दुसऱ्याच्या कपाळापर्यंत पोचतो, याचे हे उदाहरण आहे. आणि आज भारतातील काही कोटी लोकांच्या हातात याच आजाराचे एक कार्ड आलेले असल्याने तो प्रश्न आपल्या दारातही उभा आहे.

एका अक्षराची चूक

तांबड्या रक्तपेशींतील हिमोग्लोबिन शरीरभर प्राणवायू पोचवते. त्याच्या एका साखळीत १४६ मणी ओवलेले असतात. सिकलसेलमध्ये त्यांपैकी फक्त सहावा मणी बदललेला असतो आणि तो बदलतो जनुकाच्या लिपीतील एका अक्षराच्या फरकाने. एवढ्याने गोल, मऊ, कुठूनही वाट काढणारी पेशी प्राणवायू कमी पडला की ताठ होते आणि विळ्यासारखी वाकते. बारीक रक्तवाहिन्यांत या पेशी अडकतात. हाडे, पोट, छाती अशी दुखू लागतात की धडधाकट गडीही जमिनीवर लोळतो. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांतच फुटते. म्हणून रुग्ण कायम फिकट, डोळे पिवळसर, वारंवार ताप.

१९१० मध्ये शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी अशा पेशींची पहिली नोंद प्रसिद्ध केली. त्यांचा रुग्ण होता कॅरिबियन बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला एक तरुण. त्यामुळे पुष्कळ वर्षे हा आफ्रिकी वंशाच्या लोकांचाच आजार मानला गेला. १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये तो सापडला आणि मग मध्य भारतात शोधाल तिथे सापडू लागला. महाराष्ट्रात नंदुरबारपासून मेळघाट, गडचिरोलीपर्यंत तो आहे. विदर्भात आदिवासींखेरीज इतर समाजांतही आहे, तेव्हा आपल्यात हे नसतेच असे कुणी खात्रीने म्हणू नये.

एवढे वाईट जनुक हजारो वर्षे टिकले कसे? कारण ते सर्वस्वी वाईट नाही. आईवडिलांपैकी एकाकडूनच ते आले असेल तर माणूस आजारी पडत नाही, तो फक्त वाहक असतो, आणि वाहकाला घातक मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. अँथनी अ‍ॅलिसन यांनी हे १९५४ मध्ये दाखवले. डासांच्या रानात जगलेल्या पूर्वजांची ही ठेव आहे. तिच्याकडे नुसता कलंक म्हणून पाहणे शास्त्रालाही धरून नाही.

अमेरिकेत पुढे कपाळावर कुणी गोंदले नाही, पण कागदावर ते जवळजवळ घडले. १९७० नंतर अनेक राज्यांनी कृष्णवर्णीयांच्या सिकलसेल तपासणीचे कायदे केले. कुठे शाळाप्रवेशाला, कुठे विवाहाच्या परवान्याला ही तपासणी जोडली गेली. काही कायद्यांत वाहक आणि रोगी यांतला फरकसुद्धा नीट मांडलेला नव्हता. परिणाम व्हायचा तो झाला. ठणठणीत वाहकांना नोकऱ्या आणि विमा मिळताना अडचणी आल्या. अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीचे दार तर वाहकांना बंदच होते, ते १९८१ मध्ये खटल्यानंतर उघडले. मधल्या काळात १९७२ चा केंद्रीय कायदा आला आणि त्याने तपासणी ऐच्छिक असावी असे धोरण धरले.

ग्रीसमधील ओर्कोमेनोस गावाची हकिगत अधिक बोलकी आहे, कारण तिथे सक्ती नव्हती. या गावात वाहकांचे प्रमाण मोठे होते. शास्त्रज्ञांनी रक्त तपासले, घरोघरी निकाल सांगितला, दोन वाहकांनी आपसांत लग्न करू नये असे समजावले. काही वर्षांनी ते परत येऊन पाहतात तो वाहक-वाहक लग्ने जवळपास पूर्वीइतकीच झालेली. लोकांनी ऐकले नव्हते का? ऐकले होते, म्हणूनच तर लपवले होते. वाहक म्हटले की स्थळ मागे फिरते हे कळल्यावर घरच्यांनी निकाल पेटीत ठेवून दिला होता. काहींची ठरलेली लग्ने मोडली, लेबल लागलेली माणसे कमी प्रतीची ठरली, आणि आजार होता तिथेच राहिला.

सायप्रस बेटावर मात्र वेगळे घडले. तिथला आजार थॅलेसेमिया, सिकलसेलचाच नातलग. दर सात माणसांमागे साधारण एक वाहक. १९७० च्या दशकात तपासणी सुरू झाली आणि १९८३ पासून चर्चने लग्नाआधी तपासणीचे प्रमाणपत्र मागायला सुरुवात केली. त्या प्रमाणपत्रावर निकाल लिहिलेला नसे. या व्यक्तीची तपासणी झाली असून तिला योग्य सल्ला दिला आहे, इतकेच. पाद्रीबाबांना कळायचे कारण नव्हते आणि सासूबाईंनाही. दोघे वाहक निघाले तरी लग्न करू नका असे कुणी म्हणत नसे, आणि फार थोड्यांनीच लग्न मोडले. बहुतेकांनी लग्न केले आणि गरोदरपणात गर्भाची तपासणी करून घेतली. पुढच्या दहा वर्षांत थॅलेसेमियाची बाळे जन्मणे जवळपास थांबले. आधीच जन्मलेल्या मुलांचे रक्त आणि औषध मात्र सरकारने थांबवले नाही.

कुंडली आणि कार्ड

आता आपल्याकडे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. १७ राज्यांतील चाळीस वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत आजार संपवायचा, असे तिचे उद्दिष्ट. २०२५ च्या मध्यापर्यंत सहा कोटींच्या घरात तपासण्या झाल्या. दोन लाखांहून अधिक रुग्ण आणि सोळा लाखांहून अधिक वाहक सापडले. तपासलेल्याला कार्ड मिळते. कुंडली जुळवा न जुळवा, लग्नाआधी हे कार्ड मात्र जुळवून पाहा, अशा अर्थाचे आवाहन पंतप्रधानांनी त्या भाषणात केले.

उपमा चटकन समजणारी आहे. तीच थोडी धास्तीचीही आहे. पत्रिकेतल्या मंगळाने या देशात किती मुलींची स्थळे परतवली, ते घरोघरच्या आयांना विचारावे. मंगळ निदान रत्नागिरीचे गुरुजी सौम्य आहे म्हणून सांगू शकत. प्रयोगशाळेचा शिक्का असलेल्या कार्डावर तशी सोय नाही.

म्हणून कार्डाचे गणित आधी नीट समजून घेतले पाहिजे, कारण सगळा घोळ तिथेच होतो. वाहकाचे लग्न वाहक नसलेल्याशी झाले, तर एकही मूल सिकलसेलचा रुग्ण होत नाही. फार तर काही मुले आईसारखी किंवा बापासारखी वाहक होतील. त्यात अडायचे काहीच नाही. रुग्णाचे लग्न वाहक नसलेल्याशी झाले तर मुले सगळी वाहक, पण आजारी कुणीच नाही. दोघेही वाहक असले तरच प्रश्न. तेव्हा दर गरोदरपणात चारांत एक इतकी शक्यता असते की मूल आजारी असेल. ‘चारांत एक’चा अर्थ पहिले आजारी निघाले की पुढची तीन सुखरूप, असा नाही. चिठ्ठी दर खेपेस नव्याने उचलली जाते. आणखी एक गोष्ट, जी शहरातल्या वाचकांनीही लक्षात ठेवावी. सिकलसेलच्या वाहकाचा जोडीदार थॅलेसेमियाचा वाहक असला तरीही मूल आजारी होऊ शकते. तेव्हा झटपट चाचणीवर न थांबता हिमोग्लोबिनची पूर्ण तपासणी दोघांनीही करून घ्यावी.

एवढे समजावून सांगायला अर्धा तास लागतो. सांगणारा माणूस लागतो, ऐकणाऱ्याची भाषा येणारा. भामरागडकडे ती माडिया असेल, धडगावकडे पावरी. बोटातून रक्त घेऊन कार्ड हातात द्यायला मात्र पाच मिनिटे पुरतात. काम रेटायचे म्हटले की कोणता भाग मागे पडतो हे सांगायला नको. मग आठवीतल्या मुलीच्या दप्तरात कार्ड जाते, तिथून घरी, घरून भावकीत. अशा वेळी एखादी आई आशाताईला म्हणाली, “ताई, पोरीचं नाव नका लिहू यादीत, उद्या लग्नाचं आहे तिचं,” तर तिला अडाणी म्हणता येईल का? ओर्कोमेनोसच्या लोकांनी याहून वेगळे काय केले होते? मुलगा वाहक असला तर घरात गप्प बसतात आणि मुलगी असली तर तिची बोलणी थांबतात, ही आपल्या समाजाची रीत बदलल्याशिवाय कार्ड दोघांना सारखे लागू होणार नाही.

‘निर्मूलन’ हा शब्दही इथे जपून वापरायला हवा. देवीच्या रोगाचे निर्मूलन झाले, १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तसे जाहीर केले. तिथे संपला तो विषाणू. सिकलसेलमध्ये बाहेरून आलेले काही नाही. जे आहे ते माणसाच्या रक्तामांसातले, आजीकडून नातीला आलेले. ते संपवायचे म्हणजे नेमके कोणाला काय करायला सांगायचे? लग्न करू नका, की मूल होऊ देऊ नका?

की गर्भ तपासा? गर्भलिंग निदानाला आळा घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, मग १९९४ मध्ये केंद्राचा आला. मुलगी नको म्हणून गर्भ तपासणे गुन्हा ठरले, पण हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजारांसाठी गर्भाची तपासणी त्याच कायद्याने मान्य केली. ही रेषा योग्य जागी ओढलेली आहे, असेच बहुतेकांना वाटेल. तरी सिकलसेलच्या बाबतीत ती आखीव राहत नाही. तपासणी सांगते की मूल रुग्ण असेल. ते किती आजारी असेल, हे ती सांगत नाही. भारतात या आजाराची रूपे फार निराळी आहेत. कुणी वर्षातून चारदा दवाखान्यात, तर कुणी शेती करून, मुले वाढवून, पन्नाशीनंतर सहज तपासणीत रुग्ण निघालेला. लहानपणापासून पेनिसिलीन, न्यूमोनियाची लस, हायड्रॉक्सियुरियाची गोळी आणि वेळेवर रक्त मिळाले तर बरेच रुग्ण कामधंदा करत आयुष्य काढतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला आहे, म्हणजे अशा माणसांचे जगणे सरकारने मान्य केलेले आहे. मग त्याच आजारासाठी गर्भ नको म्हणायचा की नाही, हे आईबापांवाचून दुसऱ्या कुणी ठरवू नये. डॉक्टरांनी नाही, मोहिमेच्या आकड्यांनी तर नाहीच.

अठरा कोटींचा इलाज

हे सारे चालू असताना जनुकेच दुरुस्त करणारा उपचार अवतरला. १६ नोव्हेंबर २०२३ ला ब्रिटनने आणि ८ डिसेंबरला अमेरिकेने सिकलसेलवरील ‘कॅसजेव्ही’ या उपचाराला मान्यता दिली. जनुकांच्या कात्रीवर, म्हणजे क्रिस्परवर आधारलेला हा जगातला पहिला मान्य उपचार. या कात्रीसाठी इमॅन्युएल शार्पेंटिए आणि जेनिफर डाऊडना या दोघींना २०२० चे नोबेल मिळाले होते.

गंमत अशी की हा उपचार चुकीचे अक्षर दुरुस्त करतच नाही. गर्भात असताना बाळाचे हिमोग्लोबिन वेगळ्या जातीचे असते आणि जन्मानंतर काही महिन्यांत ते मागे पडते. सिकलसेलची बाळे पहिले काही महिने ठणठणीत दिसतात ती यामुळेच. न्यूयॉर्कच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्ये हे ताडले होते. ज्यांच्या रक्तात हे बालपणीचे हिमोग्लोबिन मोठेपणीही पुष्कळ राहते त्यांना त्रास कमी होतो, आणि भारतातील अनेक रुग्ण असे आहेत. नव्या उपचारात रुग्णाच्या मूळपेशी बाहेर काढतात, ते जुने हिमोग्लोबिन बंद करणारी कळ कात्रीने निकामी करतात आणि पेशी पुन्हा शरीरात सोडतात. मधल्या वेळात जुना अस्थिमज्जा जहाल औषधाने जाळून टाकावा लागतो. त्यात वंध्यत्वाचा धोका असतो, केस जातात, काही आठवडे इस्पितळात काढावे लागतात. तरीही २०१९ मध्ये अमेरिकेत ज्या महिलेवर हा उपचार प्रथम झाला, तिचे वेदनांचे झटके थांबले. २०२३ च्या लंडनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत उभे राहून तिने आपली कहाणी स्वतः सांगितली.

किंमत बावीस लाख डॉलर. त्या वेळच्या दराने अठरा कोटी रुपयांहून अधिक, एका रुग्णाची. या आजाराचे सर्वाधिक रुग्ण आफ्रिकेत आणि भारतात आहेत हे लक्षात घेता आकड्यावर भाष्य करण्याची गरज नाही. आपल्याकडे दिल्लीच्या सीएसआयआरच्या जीनोमिक्स संस्थेतील शास्त्रज्ञांनी स्वतःची कात्री घडवली. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये ‘बिरसा १०१’ या नावाने हा उपचार जाहीर झाला आणि त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवण्यात आले. परदेशी उपचाराच्या तुलनेत किंमत पुष्कळ खाली आणण्याचा मानस आहे. नाव बिरसा मुंडांचे ठेवले आहे. ते नाव ज्यांचे आहे त्यांच्या पाड्यापर्यंत उपचार कधी जातो, ते पाहायचे.

एक गोष्ट मात्र या बातम्यांच्या गर्दीत फारशी कुणी सांगत नाही. हा उपचार झालेला रुग्ण बरा झाला तरी त्याचे कार्ड बदलत नाही. दुरुस्ती होते ती रक्त बनवणाऱ्या पेशींत. बीजात, म्हणजे शुक्रजंतूंत आणि स्त्रीबीजात, जुनेच जनुक राहते आणि पुढच्या पिढीला तेच मिळते. लग्नाआधी विचारायचा प्रश्न अठरा कोटी खर्चूनही शिल्लकच.

मग बीजच दुरुस्त का करू नये, असे कुणाच्याही मनात येईल. चीनमधील हे जियानकुई यांनी २०१८ मध्ये ते केले. जुळ्या मुलींच्या जनुकांत गर्भाच्या पहिल्या अवस्थेतच बदल घडवल्याचे त्यांनी जाहीर केले, तेही एड्सच्या विषाणूपासून संरक्षण म्हणून, जे साध्या उपायांनीही देता आले असते. जगभर संताप झाला. २०१९ च्या अखेरीस त्यांना तीन वर्षांची कैद झाली. भारतात आयसीएमआरच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनी बीजातील असे बदल निषिद्ध ठरवले आहेत. ज्याच्यावर प्रयोग होतो आहे त्याला विचारायची सोय नाही आणि चूक झाली तर ती नातवंडापतवंडांपर्यंत जाते, एवढे कारण पुरेसे आहे.

तेव्हा आज दोन वाहकांच्या हाती जे आहे ते साधेच आहे. समजा, भामरागड तालुक्यातील अशी एक जोडी. दोघांनी कार्डे जुळवून पाहिली, कळले, तरी लग्न केले. तो त्यांचा हक्क. आता तिला दिवस गेले आहेत आणि गर्भाची तपासणी करून घ्यावी असे दोघांच्या मनात आहे. वारेचा नमुना घेण्याची वेळ साधारण दहाव्या ते बाराव्या आठवड्यातली. असे निदान मुंबईला परळची आयसीएमआरची इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था कित्येक वर्षे करते आहे. तिचे एक केंद्र चंद्रपूरलाही आहे. पण दिवस राहिल्याची नोंद आशाताईच्या वहीत व्हायलाच सात-आठ आठवडे उलटतात. तिथून तालुका, तालुक्याहून जिल्हा, जिल्ह्याहून चिठ्ठी. भातलावणीचे दिवस असले तर दोघांची मजुरी बुडणार. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, हे दर पावसाळ्यात वर्तमानपत्रांत येते. आशाताई कॅलेंडरवर बोट ठेवून आठवडे मोजते आहे. नववा संपत आला आहे.